आयडाच्या घरात नसलेली मुलगी

क्लॉडेट स्पेट हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात ती जिथे राहते, त्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनाही ठाऊक नाही, की सकाळी उन्हाची टोपी घालून कुंड्यांना पाणी देणारी ही सदुसष्ट वर्षांची कृष्णवर्णीय बाई कादंबरीकार आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तिचं एकच पुस्तक वाचलेलं असतं, तेही बहुधा शाळेत, परीक्षेपुरतं. तिने लिहिली पाच. पण लोक भेटले की पहिल्याबद्दलच बोलतात, आणि बोलताना त्यांचे डोळे भरून येतात. क्लॉडेट मान हलवते, आभार मानते आणि जमेल तितक्या लवकर विषय बदलते. लोकांना तो तिचा विनय वाटतो. विनयाशी त्याचा काही संबंध नव्हता.

ती मूळची एल्मोरची. कॅरीहून पूर्वेला गाडीने दोनेक तासांवर, टार नदीच्या काठी, तंबाखूच्या लिलावावर जगणारं ते गाव. वडील तंबाखूच्या वखारीत गठ्ठे उचलायचे. आई लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून द्यायची. क्लॉडेट नऊ वर्षांची असताना आई साध्या तापाचं निमित्त होऊन गेली, आणि घरात उरले वडील, क्लॉडेट (घरची डेटी) आणि तिची अठरा वर्षांची थोरली बहीण अर्नेस्टीन. दफनविधीहून परत आल्यावर अर्नेस्टीनने आईचा ॲप्रन खुंटीवरून काढून कमरेला बांधला. तिला कोणी बांध म्हणालं नव्हतं, आणि पुढे कोणी सोड म्हणालं नाही.

त्याच वर्षी अर्नेस्टीनला दिवस गेले होते. ज्याच्यापासून गेले तो पोरगा सैन्यात भरती होऊन निघून गेला, त्याचा काही पत्ता लागला नाही. ऑगस्टात ती दूरच्या एका मावशीकडे जाऊन राहिली, तिथे तिला मुलगा झाला आणि तो दत्तक दिला गेला. सप्टेंबरात शाळा सुरू झाली तेव्हा ती घरी परतलेली होती. गावात सगळ्यांना कळलं होतं आणि कोणीच काही बोलत नव्हतं. अर्नेस्टीन शाळेच्या भटारखान्यात कामाला लागली आणि पस्तीस वर्षं तिथेच राहिली. वडील गेले, क्लॉडेट डरमच्या कॉलेजात गेली, शिक्षिका झाली. तिच्या पदवीदान समारंभाला अर्नेस्टीन निळी हॅट घालून पहिल्या रांगेत बसली होती. लग्न तिने केलं नाही.

क्लॉडेटने नोकरी धरली ती राज्याच्या राजधानीत, रॅलेमध्ये. हायस्कुलात इंग्रजी शिकवायची आणि शाळेला जायच्या आधी, उजाडता उजाडता, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायची. लग्न झालं, मोडलं, लिहिणं चालू राहिलं. सदतिसाव्या वर्षी पहिली कादंबरी छापून आली. नाव होतं 'आयडाचा ऑगस्ट'.

आयडा म्हणजे कोण, हे एल्मोरमध्ये कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. कादंबरीतली आयडा बापाबरोबर एकटी राहते. गरिबी, पाद्र्याचा धाक आणि लोकांच्या जिभा यांच्यापुढे तिचं काही चालत नाही आणि ती पोटचं पोर देऊन टाकते. मग दर ऑगस्टात ती ओसरीवर उभी राहते, रस्त्याकडे बघत, म्हातारी होईपर्यंत. शेवटची वीस पानं वाचून दगडालाही पाझर फुटेल अशी आहेत. पुस्तकाला एक मोठा पुरस्कार मिळाला, शाळांनी ते अभ्यासाला लावलं, वर्तमानपत्रांनी लिहिलं की एका मूक स्त्रीला अखेर आवाज मिळाला.

जिला आवाज मिळाला म्हणत होते, तिच्याकडे क्लॉडेट पहिली प्रत घेऊन गेली होती. अर्नेस्टीनने दोन दिवसांत पुस्तक वाचलं, फ्रिजच्या वर ठेवलं आणि म्हणाली, छपाई सुबक आहे. मग टोमॅटोच्या रोपांवर यंदा कीड पडली त्याबद्दल बोलत राहिली. क्लॉडेटने आडून आडून विचारून पाहिलं. बहिणीने तिच्या ताटात आणखी भाजी वाढली. त्या दिवसानंतर दोघींमध्ये त्या पुस्तकाचा विषय निघाला नाही. सणावाराला भेटत, फोनवर बोलत, एकमेकींच्या दुखण्याखुपण्याला धावून जात. पुस्तक फ्रिजवर होतं तिथेच होतं.

पुढची पुस्तकं चालली नाहीत. दुसरी कादंबरी डरममधल्या एका दंतवैद्यावर होती. तो सुखवस्तू असतो, बायकोवर त्याचं प्रेम असतं, गोल्फचं वेड असतं. न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने विचारलं, याचं दुःख काय आहे? क्लॉडेटने सांगितलं की त्याला गोल्फ नीट येत नाही, हे. प्रकाशक हसला, त्याने पुस्तक काढलंही, पण फारसं कोणी घेतलं नाही. काळ्या बाईने लिहायचं तर रडवणारंच लिहायचं, असं जणू ठरलेलं होतं, आणि तो ठराव पक्का करायला आपणच हातभार लावला, हे तिला कळत होतं. चौथ्या आणि पाचव्या पुस्तकाच्या प्रती आता तिच्या गॅरेजमध्ये खोक्यांत आहेत.

शाळेतून निवृत्त झाल्यावर ती कॅरीला छोट्या घरात राहायला आली. शेजारीच एक मराठी कुटुंब होतं, संध्या आणि प्रसन्न. दोघं मूळचे नागपूरचे. संध्या एका औषध कंपनीत डेटाबेस सांभाळते. त्यांची मुलगी प्रीता हायस्कुलात क्लॉडेटच्या वर्गात होती, आता ती जर्सी सिटीत नोकरी करते. मुलीची टीचर, म्हणून संध्या तिला कधी नावाने हाक मारू शकली नाही. क्लॉडेटने कितीदा सांगूनही 'मिस स्पेट'च.

प्रीताची शाळेतली प्रत संध्याने एकदा सहज उघडली आणि संपवूनच खाली ठेवली. मग एके दिवशी ती कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि संकोचून म्हणाली, मला हे मराठीत करावंसं वाटतं, द्याल का परवानगी? कॉलेजात असताना तिने थोडे अनुवाद केले होते, नंतर व्हिसा, नोकरी, मुलगी यात ते राहून गेलं. क्लॉडेटला मराठी ही भाषा नक्की कुठे बोलतात हेसुद्धा तोवर माहीत नव्हतं. पण आपलं पुस्तक कोणाला तरी पुन्हा पहिल्यापासून लिहावंसं वाटतं, याचा तिला विलक्षण आनंद झाला. तिने हो म्हटलं.

मग दर रविवारी दुपारी संध्याच्या स्वयंपाकघरात दोघी बसू लागल्या. संध्या आलं घालून चहा करायची, खायला काहीतरी असायचं आणि शंका असायच्या. पोर्च म्हणजे ओसरी म्हणू की पडवी? बाप मुलीला 'गर्ल' म्हणतो ते रागाने की लाडाने? क्लॉडेट उत्तरं द्यायची, कधी उठून अभिनय करून दाखवायची. इतकं बारकाईने तिला कोणीही वाचलं नव्हतं, समीक्षकांनीही नाही, नवऱ्याने तर नाहीच.

एका रविवारी संध्याने सातव्या प्रकरणातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. ओळ साधी होती. रविवारी संध्याकाळी आयडा बोटांना लागलेलं 'ग्रीस' ॲप्रनला पुसते आणि दिवा लावते.

"मिस स्पेट, हे ग्रीस कसलं?" संध्याने विचारलं. "इंग्रजीत एक शब्द चालतो, पण मला तेल, तूप, चरबी, वंगण यातलं एक निवडायला हवं. तळणीचं म्हणावं तर मागच्याच पानावर ती कालचं गार जेवतेय, चूल पेटलेलीच नाही. गाडीचं म्हणावं तर त्यांच्याकडे गाडी नाही. मग तिचे हात कशाने माखलेत?"

क्लॉडेटने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग म्हणाली, डुकराची चरबी असेल, आमच्याकडे ती सगळ्याला वापरत. संध्याने मान डोलावून तसं लिहून घेतलं. तिचं समाधान झालेलं नव्हतं, पण लेखिकेनेच सांगितल्यावर ती काय बोलणार?

क्लॉडेट डोकं दुखतंय म्हणून लवकर उठली. स्वतःच्या घरी येऊन ती टोपीसकट खुर्चीत बसून राहिली.

ते केसांना लावायचं तेल होतं. निळ्या झाकणाची बरणी असायची. दर रविवारी संध्याकाळी अर्नेस्टीन खुर्चीवर बसायची आणि क्लॉडेट खाली, बहिणीच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. कंगव्याने भांग पाडून, बोटावर तेल घेऊन अर्नेस्टीन तिच्या टाळूला लावायची आणि आठवडाभर टिकतील अशा घट्ट वेण्या घालायची. रेडिओवर चर्चची गाणी लागलेली असत. वेण्या झाल्या की बोटं ॲप्रनला पुसून ती दिवा लावायची.

लिहिताना क्लॉडेटने धाकट्या बहिणीला पुस्तकातून काढून टाकलं होतं. पहिल्या खर्ड्यात ती होती. मुलाखतीत कोणी विचारलं की तुमचा स्वतःचा यात किती भाग आहे, तर ती सांगायची, एक लहान मुलगी होती, पण संपादकाला ती नको वाटली. हे खोटं होतं. संपादकाकडे हस्तलिखित जाण्याआधीच तिने ते काम उरकलं होतं. मुलगी गेली, तिचं ताट गेलं, तिची खाट गेली. फक्त आयडाच्या बोटांवरचं तेल पुसायचं राहिलं.

का काढलं, हेही तिला माहीत होतं. त्या उन्हाळ्यात, जूनमध्ये, वेण्या घालून घेताना तिने बहिणीला विचारलं होतं की बाळ आलं तर माझ्या वेण्या कोण घालणार. आणि मग ती रडली होती, बाळ नको म्हणून हट्ट धरून. अर्नेस्टीन काही बोलली नव्हती. ऑगस्टात बाळ गेलं. कादंबरीत गुन्हेगार ठरले गरिबी, पाद्री आणि गाव. नऊ वर्षांची मुलगी त्या घरात राहतच नव्हती.

पुढच्या शनिवारी क्लॉडेट गाडी काढून एल्मोरला गेली. वाटेत ती बोलायची वाक्यं जुळवत होती. एक तरी वाक्य सरळ जुळावं, तर तेही होईना. तीस वर्षांत तिने बहिणीची परवानगी मागितली नव्हती. आता भारतातल्या एका भाषेतल्या पुस्तकाचं निमित्त करून ती मागायला निघाली होती.

अर्नेस्टीन शहात्तर वर्षांची आहे. गुडघे गेलेत, बाकी सगळं शाबूत आहे. ती मागच्या दारी बसून वालाच्या शेंगा सोलत होती. क्लॉडेट शेजारी बसली, तिनेही शेंगा घेतल्या. संध्याबद्दल, अनुवादाबद्दल सांगितलं. मग त्या ओळीबद्दल सांगितलं आणि मग उन्हाळ्यातल्या त्या हट्टाबद्दल. बोलताना तिला रडू आलं. तुझं मूल माझ्यामुळे गेलं, आणि पुस्तकातून मी स्वतःला वगळलं, म्हणाली.

अर्नेस्टीन शेंगा सोलत राहिली. वाडगं भरल्यावर तिने ते बाजूला ठेवलं.

"तू म्हणालीस म्हणून मी मूल दिलं, असं वाटतं तुला?" ती म्हणाली. "नऊ वर्षांच्या पोरीचं ऐकून कोणी असं करतं का? मी ठरवलं, डेटी. मी. घरात एक मूल होतंच. दुसरं मला नको होतं. हे तेव्हा कोणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून मी गप्प बसले. पण मी रडले नाही. दवाखान्यातून निघाले तेव्हा मला हायसं वाटलं होतं."

क्लॉडेटने डोळे पुसले.

"आणि तू काय केलंस? मला ओसरीवर उभं केलंस. दर ऑगस्टात." अर्नेस्टीनचा आवाज चढला नव्हता. "तीस वर्षं चर्चमधल्या बायका माझा हात धरतात. मदर्स डेला कोणीतरी येऊन माझ्या मांडीवर फूल ठेवतं, न बोलता, मान तिरकी करून. मी नाही कसं म्हणू? पुस्तकात लिहिलंय ना. एकदा तर मलाच वाटायला लागलं की मी खरंच दुःखी असणार, आणि मला ते कळत नसणार."

क्लॉडेटने कसंबसं विचारलं, मग आजवर बोलली का नाहीस.

"तुला बक्षीस मिळालं होतं. तू इतकी खूश होतीस. तुला वाढवलं ते काय नाराज करायला?" मग ती म्हणाली, "माझं काही गेलंच असेल तर ते नॉरफोक. तिथल्या ब्युटी स्कूलमध्ये माझं नाव लागलं होतं. आई गेली आणि मी गेले नाही. त्याबद्दल एकाही माणसाने माझा हात धरला नाही. तूसुद्धा नाही."

किनाऱ्यावरच्या नॉरफोक शहरातल्या त्या शाळेचं क्लॉडेटला काहीच माहीत नव्हतं. बहिणीच्या आयुष्यावर आख्खी कादंबरी लिहिताना तिने बहिणीला एकही प्रश्न विचारला नव्हता, हे तिला त्या पायरीवर बसल्या बसल्या कळलं. आधी तिने गोष्टीतून स्वतःला काढलं होतं, आणि आज गाडी चालवत येऊन पुन्हा गोष्टीच्या मधोमध स्वतःलाच बसवलं होतं. अपराधीपणातही तिला मुख्य पात्र व्हायचं होतं.

जेवताना अर्नेस्टीनने अनुवादाला हरकत नाही म्हणून सांगितलं. एवढंच म्हणाली की आता काही लिहिलंस तर मला दुःखी करू नकोस.

क्लॉडेटने परतल्यावर संध्याला सगळं सांगितलं. संध्या ऐकत राहिली, चहा गार झाला. शेवटी तिने विचारलं, मग त्या ओळीत काय लिहू? क्लॉडेट म्हणाली, तेल. डोक्याला लावायचं तेल. संध्या म्हणाली की आमच्या वाचकांना ते लगेच कळेल, रविवारी आईच्या पुढ्यात तेल लावून घ्यायला बसली नाही अशी मुलगी आमच्याकडे सापडायची नाही, पण मग ते विचारतील की डोकं कोणाचं. तेव्हा ठरलं की कादंबरी आहे तशीच ठेवायची आणि मराठी आवृत्तीच्या शेवटी क्लॉडेटने चार पानं लिहायची. मुलगी कोण होती, बहिणीने स्वतः काय ठरवलं, नॉरफोक काय होतं. ती चार पानं लिहायला क्लॉडेटला सगळा हिवाळा लागला. लिहिलेलं ती फोनवर बहिणीला वाचून दाखवायची. अर्नेस्टीन ऐकून म्हणायची, इथे तू परत रडतेयस, काढ ते.

पुण्याच्या एका लहान प्रकाशनाने पुस्तक काढलं. प्रती आल्या त्या आठवड्यात संध्या आणि क्लॉडेट मिळून एल्मोरला गेल्या. अर्नेस्टीनने संध्याला आग्रह करकरून मक्याचा पाव आणि वालाची उसळ वाढली. संध्या मूळची कुठली, आई आहे का, सासूशी पटतं का, सगळं विचारून घेतलं. मग चष्मा लावून पुस्तक उलटंसुलटं पाहिलं. माझं नाव कुठलं, म्हणून विचारलं. संध्याने शेवटच्या पानांतला शब्द दाखवला. अर्नेस्टीनने त्या अक्षरांवरच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"हे वाचणाऱ्यांपैकी मला ओळखणारं कोणी नाही ना?" तिने विचारलं.

संध्या म्हणाली, नाही.

"मग छान झालं," अर्नेस्टीन म्हणाली.

परत येताना गाडीत संध्या खुशीत होती. 'मग छान झालं' हे शब्द क्लॉडेटला मात्र खुपत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलं, तेही जिथे तिला कोणी ओळखत नाही, बहिणीला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी. जी खोटी गोष्ट होती ती एल्मोरच्या प्रत्येक घरात होती. खरी गोष्ट हजारो मैलांवर, दोघी बहिणींना वाचता न येणाऱ्या लिपीत. एवढ्यावर आपलं मन हलकं झालं होतं, याची तिला लाज वाटली.

त्या वर्षी 'आयडाचा ऑगस्ट'ला तीस वर्षं झाली. एल्मोरच्या वाचनालयाने शनिवारी दुपारी छोटासा कार्यक्रम ठेवला. क्लॉडेटने बहिणीला फोन करून विचारलं, तिथे सांगू का सगळं? या वेळी तिने खरंच विचारलं. अर्नेस्टीनने कार्यक्रम किती वाजता आहे ते विचारून घेतलं. मग म्हणाली, सांग, पण मी येणार, मला ऐकायचंय तू काय सांगतेस ते.

हॉल भरला होता. चर्चच्या बायकांनी अर्नेस्टीनला हाताला धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं, जपून, आजारी माणसाला बसवतात तसं. क्लॉडेटने कादंबरीतलं काही वाचलं नाही. तिने मराठी आवृत्तीतली चार पानं, मूळ इंग्रजी, खिशातून काढली आणि वाचली. आयडा म्हणजे माझी बहीण नव्हे, म्हणाली. माझ्या बहिणीने निर्णय घेतला होता आणि तिला त्याचा पश्चात्ताप नव्हता. तिचं दुःख मी रचलं, कारण मला त्या घरातून निसटायचं होतं. तिचं खरंच जे गेलं, ते मी तीस वर्षं विचारलंही नाही. ती रडली नाही. तशी ताकीदच होती.

वाचून झाल्यावर हॉल अवघडून गेला. मागे कोणीतरी हलकेच म्हणालं की पुस्तकातलंच बरं होतं. मग मिसेस पार्कर उठल्या. दर मदर्स डेला फूल आणायच्या, त्या ह्याच. त्या पुढे येऊ लागल्या तेव्हा क्लॉडेटला वाटलं, आता ह्या अर्नेस्टीनची क्षमा मागतील. त्या अर्नेस्टीनला ओलांडून सरळ मंचापाशी आल्या आणि त्यांनी क्लॉडेटचा हात दोन्ही हातांत घेतला.

"किती वर्षं हे ओझं वाहिलंस गं, पोरी," त्या म्हणाल्या. मान तिरकी केलेली होती.

त्यांच्यामागे रांग लागली. कोणी म्हणालं फार धीर लागतो असं बोलायला, कोणी म्हणालं तुझी आई वरून बघत असेल. वाचनालयाच्या बाईंनी ठरल्याप्रमाणे फुलांचा गुच्छ आणून तिच्या हातात दिला. क्लॉडेट सगळ्यांना सांगत होती, नाही हो, मी नाही, तिला भेटा. पण ते ऐकून तर लोकांना तिचा आणखीच कळवळा येत होता. तीस वर्षं असा हात धरून घेणं म्हणजे काय असेल, ते तिला अर्ध्या तासात कळलं. पुढच्या रांगेत अर्नेस्टीन एकटी बसून कोटाची बटणं लावत होती. तिच्याजवळ कोणीही नव्हतं. काय बोलावं हे लोकांना सुचत नसावं. मूल नको होतं असं सांगणाऱ्या बाईचा हात कसा धरतात, ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

पायऱ्या उतरताना क्लॉडेटने बहिणीला आधार दिला. गुच्छ तिने गाडीच्या मागच्या सीटवर टाकला.

"बघितलंस?" अर्नेस्टीन म्हणाली. "परत तूच."

क्लॉडेटने क्षमा मागितली. बरं वाटलं का, असंही विचारलं, कोणी हात धरला नाही त्याचं.

अर्नेस्टीनने जरा विचार केला. "वाटायला हवं होतं," ती म्हणाली. "पण सवय झाली होती गं. आज मांडी रिकामी रिकामी वाटली."

ते ऐकून क्लॉडेटला कळेना, की खोटं होतं तेच ठेवलं असतं तर बरं झालं असतं का. तिने गावाची दया बहिणीच्या गळ्यात घातली होती, आणि आता म्हातारपणी तीही काढून घेतली होती. दोन्ही वेळा टाळ्या मात्र तिला स्वतःलाच मिळाल्या.

भूक लागली होती म्हणून दोघी नदीकाठच्या एका साध्या हॉटेलात तळलेले मासे खायला गेल्या. खिडकीजवळचं टेबल मिळालं. क्लॉडेटने या वेळी प्रश्न विचारला. नॉरफोकला तू कधी गेली होतीस का?

एकदाच गेली होती. नाव नोंदवायला, बसने, आईची हॅट घालून. अर्नेस्टीन सांगू लागली, आणि सांगता सांगता तिचा चेहरा क्लॉडेटने कधी न पाहिलेला असा होत गेला. त्या शाळेच्या काचेच्या दाराला आतून जांभळा पडदा होता. आत बारा खुर्च्या होत्या, सगळ्या गोल फिरणाऱ्या. शिकवणाऱ्या बाईने तिला एका खुर्चीत बसवून केस हातात घेतले आणि म्हणाली, तुझ्या बोटांत कला आहे, तुझ्या स्वतःच्या वेण्यांवरून दिसतंय. परतीची बस सुटेपर्यंत ती समुद्राकाठी उभी राहिली. एवढी मोठी जहाजं तिने आधी पाहिली नव्हती. एका खलाशाने तिला हात केला. तिनेही केला. बसमध्ये बसल्यावर तिला वाटलं होतं की आपण आता फार दिवस एल्मोरला राहणार नाही.

क्लॉडेट ऐकत होती. तिला फक्त ऐकायचं होतं, एक बहीण दुसरीचं ऐकते तसं. तिने काटा खाली ठेवला, बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिली, मधे एक शब्द बोलली नाही. पण जांभळा पडदा, फिरणाऱ्या खुर्च्या आणि जहाजं तिच्या मनात आपसूक ओळीने मांडली जात होती. ती त्यांना मागे लोटत होती आणि ते सगळं पुन्हा पुढे येत होतं. अर्नेस्टीन बसमधून उतरण्यापर्यंत पोहोचली, तोवर क्लॉडेटच्या मनात पहिलं वाक्य तयार झालं होतं, आणि ते चांगलं होतं.